लाइन द्या

दहापैकी दोन. वृषाली मॅडमनी आकडा सांगितला तो अगदी हळू, समोरच्याला लागू नये अशा बेताने, आणि म्हणूनच तो जयवंताला जास्त लागला. नागपूरच्या दवाखान्यातली ही वाचेची डॉक्टरीण, वयाने प्रणालीएवढी, म्हणजे जयवंताच्या लेकीएवढी. तिने काय केलं, जयवंताच्या नवऱ्याला, भगवंतरावांना, आतल्या खोलीत नेऊन दहा वेळा बोलतं केलं. एकदा पाण्याचा पेला दाखवला, एकदा पंखा बंद केला, एकदा घरचा फोटो पुढे धरला, एकदा मुद्दाम भलत्याच नावाने हाक मारली. दर वेळी ते जे बोलले ते मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "आई, आता नुसतं ऐका, आणि सांगा कोणतं काय आहे ते." जयवंता मनातल्या मनात हसली होती. हे काय विचारणं झालं? दोन वर्षं दुसरं काय करून राहिली ती? भगवंतरावांना झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं होतं, ते थोडंफार वापस आलं. पण शब्द गेले ते गेलेच. जन्मभराच्या बोलण्यातून एकटा एक उरला, लाइन. पाणी पाहिजे तरी लाइन, नको तरी लाइन, इकडे ये म्हणायचं तरी लाइन, आणि काही म्हणायचंच नसलं, नुसतं आपण आहोत एवढं सांगायचं असलं तरी तेच. त्या एका शब्दाचे अकरा अर्थ जयवंताला पाठ होते. पाहुण्यांपुढे ती ते जरा ऐटीतच सांगायची. आता हे पाणी, बरं का. आता हे खिडकी. पाहुणे कौतुकाने मान डोलवायचे. म्हणून मोबाइल कानाशी धरून तिने धडाधड उत्तरं दिली, हे पाणी, हे पंखा, हे मला बोलावून राहिले, आणि मॅडम एका कागदावर खुणा करत गेल्या. सातव्या-आठव्यानंतर त्यांनी खुणा करणं थांबवलं, तेव्हाच खरं तर कळायला पाहिजे होतं. बरोबर आली ती दोनच.

"असं कसं होईन?" जयवंता म्हणाली. "मले तर सगळं समजते त्यांचं." मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. बाई वाईट नव्हती, उलट चांगलीच होती, हेच तर अवघड. "तुम्हाला त्यांचा चेहरा समजतो, आई. वेळ समजते. दुपारी दोन वाजता तुम्ही चहा ठेवणारच असता, तेवढ्यात ते बोलतात, तुम्हाला वाटतं त्यांनी चहा मागितला. शब्दात ते सगळं आहेच असं नाही. कधी असेल, कधी नुसता आवाज असेल. तुम्ही दोघांचंही बोलून राहिल्या आहात." मग तिने औषधाची पुडी द्यावी तसं सांगितलं, की आठ दिवस समजून घेऊ नका. ते लाइन म्हणाले की म्हणा, समजलं नाही, नीट सांगा. थांबा. हा चित्रांचा तक्ता घ्या, त्यांना बोट ठेवू द्या. घरात सगळं न मागता मिळतं म्हणून त्यांचा मेंदू दुसरा शब्द शोधतच नाही. त्रास होईल, तुम्हाला जास्त होईल, पण आठच दिवस. आणि ही वही. रोजची तारीख, काय बोलले, नवा शब्द आला का. शेजारी भगवंतराव बसले होते, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवत, दुसऱ्याची वस्तू सांभाळून ठेवावी तसा. ते म्हणाले, "लाइन." जयवंताच्या ओठावर आलं होतं, हो, चला, गाडीची वेळ झाली. तिने ओठ मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तिला ठाऊक नव्हतं की ते काय म्हणाले.

गाडीत खिडकीची जागा त्यांना दिली. काटोल गेलं, नरखेड गेलं, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, एप्रिलच्या उन्हात पानं मिटून उभ्या. भगवंतराव बाहेर बघत होते, बागांकडे नाही, रुळाच्या कडेने धावणाऱ्या तारांकडे. चाळीस वर्षं ज्याने तारा बघितल्या तो दुसरं काय बघणार. आणि जयवंता त्यांच्याकडे बघत होती नि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की दोन वर्षं मी कोणाशी बोलले? सौसरचं घर सोडून पांढुर्ण्याला यायचं ठरलं, नागपूरच्या गाड्या इथून मिळतात म्हणून, तेव्हा तिने त्यांना समोर बसवून विचारलं होतं, सोडायचं ना घर? ते म्हणाले, लाइन. तिने प्रणालीला फोन केला, बाबा हो म्हणाले. भावाला सांगितलं, ते हो म्हणाले. घराला कुलूप लावताना शेजारणी रडल्या तर त्यांनाही तेच, त्यांचीच इच्छा आहे बाई. इच्छा कोणाची होती? तिचं हो तिने त्यांच्या तोंडात घातलं आणि मग तेच ऐकून मान तुकवली, असं तर नव्हतं ना? बावीस महिने या माणसाशी आपण संसार करतोय असं समजून ती एका खोलीत एकटीच बडबडत होती की काय. म्हाताऱ्या बायका एकट्या बोलतात तेव्हा लोक हसतात, आणि तिला तर हसायलाही कोणी नव्हतं, सगळे कौतुकच करायचे.

आणि हा शब्द काही झटक्यानंतर घरात आला नव्हता. तो तिच्या लग्नाच्याही आधीचा. सौसरला तिच्या माहेरासमोर खांब होता आणि त्या खांबावर महिन्यातून चार वेळा काही ना काही बिघडायचं, इतर खांबांपेक्षा जरा जास्तच. झुला, म्हणजे चढायचा पट्टा, कमरेला बांधलेला एक सडपातळ माणूस वर चढून तासभर काहीतरी करायचा. तिचा भाऊ म्हणायचा, हा लाइन दुरुस्त करून राहिला की मारून राहिला? आई भावाला दटावायची आणि स्वतः पदराआड हसायची. लग्न झालं, बिजली ऑफिसच्या क्वार्टरमध्ये आली, तर तिथे दिवा गेला तर कोणी लाइट गेली म्हणत नव्हतं, लाइन गेली म्हणायचे, आणि पाहुणा आला तरी त्याच सुरात, आली का लाइन? नळावर बायकांची लाइन लागायची. प्रणाली शाळेत गेली तर बाप तिच्या वहीवर बोट ठेवून सांगायचा, अक्षर लाइनवर बसव, लोंबू देऊ नको, लोंबलेली तार वाईट. ती मोठी झाली नि डॉक्टरी की मास्तरकी असा वाद झाला तेव्हा यांनीच निकाल दिला, तिला जे आवडते ती लाइन धरू दे. ती सौसरलाच शाळेत लागली. फोन लागला नाही की लाइन व्यस्त, सासूबाईंचं डोकं फिरलं की आई आज लाइनवर नाहीत. एवढ्या इंग्रजीवर त्या माणसाची सगळी मराठी उभी होती. तेव्हा झटक्याने बाकीचं सगळं नेलं आणि हेच ठेवलं, यात नवल नाही. नवल वाटायचं ते एवढंच, की तिचं नाव का नाही उरलं. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण जखम होती.

त्यांच्या कामाची एक रीत होती आणि ती त्यांनी देवपूजेसारखी पाळली. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करून परमिट घ्यायचं, ज्याने घेतलं त्याच्या नावावर. तिकडे लाइन बंद करतात. इकडे तारेवर साखळी टाकून बघायची, मेलेली आहे ना, मग चढायचं. काम संपलं की साखळी काढायची, माणसं खाली आली की फोन करायचा, तोही त्यानेच, ज्याच्या नावाचं परमिट. मध्ये कोणी साहेब ओरडो, पुढारी ओरडो, लग्नाचा मांडव अंधारात बसो, सबस्टेशनवाला दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. ज्याने बंद केली तोच सुरू करणार. रघुनाथराव, यांचे जोडीदार, एकदा तिगावकडच्या फीडरवर, म्हणजे तिकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनीवर, चुकले. चौघं होते, ढग आलेले, भूक लागलेली, परमिट रघुनाथरावांच्या नावाचं. खांबावरूनच त्यांनी खाली बघितलं, तीन डोकी जमिनीवर दिसली, खिशातून मोबाइल काढला आणि सांगितलं, माणसं खाली आली, लाइन द्या. सगळ्यांना मोजलं, स्वतःला मोजायचं राहिलं. शेजारच्या बागेत झाडावर पडले म्हणून जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या दिवसापासून भगवंतराव प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजायचे, एक, दोन, तीन, आणि शेवटी आपल्याच छातीवर हात ठेवून चार. पोरं टिंगल करायची, काका, तुम्ही आहात ना इथे, आम्हाला दिसून राहिले. ते म्हणायचे, मला दिसून राहिलो का ते बघून राहिलो. पुढे ही सवय घरातही आली. बाजारातून आले, गाडीतून उतरले, की प्रणालीच्या खांद्यावर हात, हिच्या खांद्यावर हात, मग आपल्या छातीवर. जयवंताला लोकांत लाज वाटायची.

पांढुर्ण्याच्या घरी पहिल्या दिवशी सकाळी ते उठले आणि म्हणाले, "लाइन." जयवंताचा हात तांब्याकडे गेलेला होता, तो तिने मागे घेतला. "समजलं नाही," ती म्हणाली. "नीट सांगा." आवाज तिचा तिलाच परका वाटला, बँकेतल्या बाईसारखा. त्यांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, ऐकू कमी आलेल्या माणसाकडे बघावं तसं, आणि थोडं मोठ्याने म्हणाले, "लाइन." तिने तक्ता पुढे केला. पेला, ताट, पंखा, खाट, संडास, सूर्य. त्यांनी तक्ता हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि गरम होत होतं म्हणून त्याने वारा घेऊ लागले. ती स्वयंपाकघरात जाऊन हसली आणि हसता हसता रडली. दुपारी तिने जे केलं ते मॅडमनी सांगितलेलं नव्हतं. ते खिडकीकडे बघून म्हणाले लाइन, तिला स्वच्छ वाटलं की पडदा सरकवायचा आहे, समोरचा खांब आणि त्यावरची ट्रान्सफॉर्मरची डीपी दिसत नाही. तिने मुद्दाम पाणी आणून दिलं. म्हणतील नाही. ढकलतील. ढकललं असतं तर तिने त्यांचे पाय धरले असते. त्यांनी पेला घेतला नि पाणी पिऊन टाकलं. मग तिने न मागता पंखा बंद केला, ते काही बोलले नाहीत. वाटीत भाजी कमी वाढली, खाल्ली. दोन वर्षांत तिने दिलेलं सगळं त्यांनी असंच घेतलं होतं का, पाहिजे होतं म्हणून नाही, तिने दिलं म्हणून? वहीत तिने लिहिलं, काय बोलले: लाइन. नवा शब्द: नाही. लिहिताना तिचं अक्षर लोंबलं.

दुसरा दिवस, तिसरा दिवस. समजलं नाही हे दोन शब्द म्हणून म्हणून तिची जीभ कडू झाली. गंमत अशी, की आता तिला खरंच समजेनासं झालं होतं. आधी ते बोलायच्या आत तिला कळायचं, आता ते बोलले की तिच्या मनात मॅडमचा कागद यायचा, त्यावरच्या खुणा. कांदा चिरताना ती स्वतःशीच ते अकरा अर्थ म्हणून बघायची, आखूड म्हणजे पाणी, ओढून म्हटलं की खिडकी, दोनदा म्हटलं की नको, आणि सातव्यापर्यंत आली की पुढचे आठवायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चिडले. डाव्या हाताने तक्ता भिरकावला, तो कपाटाखाली गेला. चिडले म्हणजे तरी बोलले, असं तिला वाटलं, आणि त्या चिडण्याचाच आधार वाटला. "मी तुमच्याच भल्यासाठी करून राहिली हो," ती म्हणाली. "नागपूरच्या बाईनं सांगतलं. आठ दिवस." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

चौथ्या दिवशी रघुनाथराव आले, दर गुरुवारी येतात तसे, पिशवीत संत्री घेऊन. तीन बोटांच्या हाताने ते संत्रं सोलतात आणि फोड फोड भगवंतरावांना देतात, स्वतः कमी खातात. दोघं तासभर बसतात. एकाने ऑफिसच्या गोष्टी सांगायच्या, पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून काय काय नवं आलं, कोणता फीडर कोणाकडे गेला, आणि दुसऱ्याने मध्ये मध्ये म्हणायचं, लाइन. जयवंताने त्यांना दाराशी अडवून हळूच सांगितलं, काही समजल्यासारखं दाखवू नका म्हणून. रघुनाथरावांनी पिशवी खाली ठेवली. "वहिनी, मले कधी समजलं होतं?" ते म्हणाले. "मी तर ऐकतो फक्त." "मग तुम्ही हो हो करता ते?" "ते काय, फोनवर समोरचा बोलला की आपण हो हो करतोच ना. त्याले माहीत पडाले पाहिजे की फोन चालू आहे." ते आत गेले, बसले, संत्रं सोलू लागले. पण त्या दिवशी भगवंतराव काही बोललेच नाहीत. फोडी खाल्ल्या, बिया काढून तळहातावर ठेवल्या. रघुनाथरावांनी तिगावच्या फीडरची गोष्ट काढली, आपलीच फजिती रंगवून सांगितली, नेहमी हमखास दाद मिळते तिला. भगवंतराव ऐकत होते, डोळे त्यांच्या तोंडाकडेच होते, पण ओठ बंद. जाताना रघुनाथराव चपला घालत नुसते म्हणाले, "आज काहून गप्प आहे हो हा?" आणि तिच्याकडे न बघताच निघून गेले.

पाचव्या दिवशीही नाही, सहाव्याही नाही. तहान लागली तर उठून, भिंतीला धरून, स्वतः माठापर्यंत जायचे. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडायचं. जयवंता दारात उभी राहून बघायची नि हातांना काम नाही म्हणून पदर पिळायची. त्यांच्यात राग नव्हता, हे जास्त भयंकर होतं. शांत होते. खिडकीपाशी खुर्ची ओढून खांबाकडे बघत बसायचे. तिने लाडीगोडी लावली, "अहो, बोला ना एकदा, काय बी बोला." ते हसले. ते हसणं चांगलंच होतं, तेच, खांबावरून खाली बघून हसायचे ते. पण शब्द नाही. एकच होता, तोही आपण घालवला की काय. इतकी वर्षं साठवलेल्या भाषेतून देवाने एक दाणा ठेवला होता हातावर, आणि आपण तो खरा आहे का म्हणून दाताखाली घेऊन बघितला. तिने प्रणालीला सौसरला फोन लावला. प्रणाली शाळेतून घरी चालली होती. "आई, दोनच दिवस राहिले, धीर धर," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या होत्या ना त्रास होईन म्हणून. बाबा आतल्या आत शोधून राहिले असतील शब्द." "ते शोधून नाही राहिले," जयवंता म्हणाली, "ते थांबून राहिले." "कशासाठी?" जयवंताने फोन ठेवून दिला. पण बोलून गेली आणि मग तेच कानात राहिलं. थांबले आहेत. थांबलेला माणूस आणि संपलेला माणूस यांतला फरक तिला कळत होता, त्याच्यासाठी कोणत्या मोबाइलची गरज नव्हती. मग विचारलं तिने स्वतःला, नेहमीसारखंच, हेही तूच तर म्हणून नाही राहिली?

सातव्या दिवशी सकाळी साडेदहाला पंखा बंद पडला. बाहेर माणसांचे आवाज आले. समोरच्या खांबाशी बिजली ऑफिसची गाडी, शिडी, आणि चार जण, ओळखीचा कोणी नाही, सगळे नवे. भगवंतराव खुर्चीत सरळ झाले. जयवंता पीठ मळता मळता परातीसकट दारात येऊन बसली, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा काहीतरी चाललं होतं. एकाने तारेवर साखळी टाकली, तेव्हा यांची हनुवटी किंचित हलली, बरोबर. दोघं वर चढले, एक शिडीवर राहिला, एक खाली मोबाइल घेऊन उभा. ऊन चढलं. खोलीत उकडत होतं, पण ते हललेच नाहीत. अर्ध्या तासाने साखळी निघाली. एक खाली उतरला. भगवंतरावांचा डावा हात खुर्चीच्या हातावर होता, तो त्यांनी उचलून एकदा टेकवला. दुसरा उतरला, हात पुन्हा टेकवला. शिडीवरचा उतरला, तिसऱ्यांदा. खालच्याने मोबाइल कानाला लावला आणि त्याचा आवाज खिडकीतून स्वच्छ आत आला, परमिट नंबर अमुक, काम झालं, माणसं खाली आली, लाइन द्या. तेव्हा भगवंतरावांनी हात उचलला, त्या माणसाच्या दिशेने, आणि चौथ्यांदा टेकवला. त्यांनी मोबाइलवाल्यालाही मोजलं. मग पाठ खुर्चीला टेकली. पंखा फिरू लागला.

जयवंताच्या हातात पीठ तसंच राहिलं. चार. बरोबर चार. हे तिने त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं, ती तर परातीपाशी बसली होती, तिने स्वतः मोजलंही नव्हतं. आत माणूस होता. होता, आणि कामावर होता. आणि मग त्या पंख्याच्या वाऱ्यात बसल्या बसल्या तिला इतकं साधं काहीतरी लक्षात आलं की तिला स्वतःचीच कीव आली. लाइन बंद कोणी केली? तिने. सांगून, बजावून, आठ दिवसांसाठी म्हणून, तिच्या नावावर. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्याच्या नावाचं परमिट असताना तारेला हात लावला नाही, तो आता लावेल? ते रुसले नव्हते, विसरले नव्हते. रीत पाळत होते. ज्याने बंद केली तोच सुरू करणार. असेल, कदाचित हेही तिचंच म्हणणं असेल. पण ते खोटं ठरलं तर ठरू दे, एकदा विचारून बघू, असं तिला वाटलं. या वेळी उत्तर तिने ठरवून ठेवलं नव्हतं.

तिने हात धुतले. पदराला पुसले. त्यांच्या खुर्चीसमोर पाट ओढून बसली आणि काय करावं न सुचून, लहान मुलं खेळतात तसा, उजवा हात कानाला लावला. लाज वाटली. साठी गाठलेली बाई, दार सताड उघडं, बाहेर चार परकी माणसं गाडीत शिडी चढवून राहिलेली. पण या घरात हे बोलणं तिने इतक्यांदा ऐकलं होतं, जेवताना, झोपताना, प्रणालीच्या बारशाला, गोटमारीच्या जत्रेतल्या गर्दीत, की शब्द आपसूक आले. "सबस्टेशन का?" ती म्हणाली. "मी जयवंता बोलून राहिली." भगवंतरावांनी खिडकीवरची नजर काढून तिच्यावर आणली. "परमिट माझ्या नावाचं आहे. सात दिवस झाले. काम..." काम झालं नव्हतंच, नवा शब्द आला नव्हता. "काम राहू द्या," ती म्हणाली. "साखळी काढली. माणसं खाली आली. लाइन द्या."

ते तिच्याकडे बघत राहिले, कपाळाला आठी, सबस्टेशनवाल्याला नंबर चुकीचा सांगितला की पडायची तशी. ती हात कानाला लावून बसून राहिली. मग त्यांनी डावा हात उचलला. हळूहळू, मध्ये एकदा थांबून, तो तिच्या खांद्यावर ठेवला. दाबला. तिला वाटलं धीर देऊन राहिले, आणि ती रडायच्या बेतात होती, पण त्यांनी मान हलवली, तेवढंच नाही, थांब. हात खांद्यावरून उचलला नि स्वतःच्या छातीवर आणून ठेवला. तोही दाबला. ती मोजायची विसरली होती. माणसं खाली आली म्हणाली, पण किती ते बघितलंच नव्हतं.

"लाइन," भगवंतराव म्हणाले.

त्या अकरांपैकी हा कोणताच नव्हता. आखूड नव्हता, ओढलेला नव्हता, दोनदा नव्हता. जयवंताने तो पारखून बघितला नाही. "हो," ती म्हणाली, "आहे, चालू आहे," आणि कानाचा हात खाली घेतला. ते हसले, पुन्हा खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "लाइन." ती उठली नि पडदा पुरता बाजूला सरकवला. चुकलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, नसतं सांगितलं तरी चाललं असतं. खांब दिसत होता, नव्या पोरांनी तारा चांगल्या ताणून बांधल्या होत्या, लोंबत नव्हत्या. कणीक वाळायला लागली होती, तिच्यावर ओलं फडकं टाकून तिने वही काढली. एक दिवस बाकी होता, मॅडम विचारणार होत्या, रागावल्या तर रागावू दे. तिने तारीख घातली, आणि लाइनीवर एकेक अक्षर बसवत लिहिलं. काय बोलले: लाइन. नवा शब्द: नाही, जुनाच वापस आला. त्यापुढे आखलेला रकाना नव्हता, म्हणून खाली मोकळ्या जागेत तिने लिहिलं, माणसं दोन. दोन्ही खाली.